क्रांतीच्या सामानाचा पत्ता

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथंच थांबा, माझं काही अडलेलं नाही.

भुताच्या गोष्टीला अमावस्या लागते, वड लागतो, पांढरी साडी लागते असं ज्यांना वाटतं त्यांनीही थांबा. यात तसलं काही नाही. जे घडलं ते भरदुपारी घडलं. सांगलीतल्या एका ऑफिसात. ट्यूबलाइट चालू होती, पंखा फिरत होता आणि टेबलावर भडंगाची पुडी उघडी होती.

दिवस सांगतो. गेल्या वर्षीची नागपंचमी. शुक्रवार.

दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

ज्याच्या बाबतीत हे घडलं तो कपिल. माझा सख्खा मावसभाऊ, आष्ट्याचा. आमच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला. घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत. भूत, पिंड, श्राद्ध, यातलं आम्ही काही मानत नाही. कपिल तर लहानपणी पैज लावून स्मशानात डबा खाऊन आलेला.

तो आजही मानत नाही.

तरीपण तीन वाजत आले की तो खुर्चीवरून उठतो आणि बाहेर जिन्यात जाऊन उभा राहतो. सव्वातीनला आत येतो. रोज.

कपिलचं ऑफिस म्हणजे सयाजी सरांची दोन खोल्यांची कंपनी. नदीकाठच्या चाळीस गावांत त्यांनी भोंगे बसवलेत. पाणी वाढलं की भोंगा नुसता वाजत नाही, बोलतो. "पाणी वाढतंय. जनावरं सोडा. वरच्या अंगाला चला." अशी सात वाक्यं. आवाज बाईचा. खणखणीत, घाटावरचा.

तो आवाज क्रांतीचा.

क्रांती मेढ्याची. वडील हंबीरराव मिलिटरीतून रिटायर झालेले, आई बनुबाई. क्रांती कपिलच्या शेजारच्या टेबलावर बसायची, प्रोग्राम लिहायची, आणि भोंग्याला बाहेरची बाई परवडत नव्हती म्हणून वाक्यंही तिनंच रेकॉर्ड केलेली.

आता थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रोग्राम लिहिला म्हणजे लगेच चालत नाही. त्याचे तुकडे कुठून कुठून गोळा करून त्याची एक पेटी बांधावी लागते. त्याला बिल्ड म्हणतात. ती पेटी मग चाळीस गावांना जाते. तुकडे कुठून आणायचे हे आधी लिहून ठेवावं लागतं. शहाणा माणूस लिहितो, ज्या मशीनवर काम चाललंय तिला विचार, सामान कुठं ठेवलंय ते ती सांगेल. मग मशीन बदलली, माणूस बदलला, तरी काम अडत नाही.

कपिलनं काय लिहिलं? होम, क्रांती, सामान. म्हणजे क्रांतीच्या लॅपटॉपमधल्या क्रांतीच्या कप्प्यातून आण. दुसरीकडं विचारूच नको. असा पक्का, खिळा ठोकल्यासारखा पत्ता.

का? तर त्या दिवशी घाई होती. "नंतर बदलू." या दोन शब्दांनी जगात जेवढी माणसं मेली असतील तेवढी सापानं मेली नसतील.

दोन वर्षं तो पत्ता तसाच. बिल्ड फक्त क्रांतीच्या लॅपटॉपवर व्हायचं. ती सुट्टीवर गेली की लॅपटॉप बरोबर. आजारी पडली तरी लॅपटॉप उशाला.

"कपिल्या, सातबाऱ्यावर नाव चढवावं तसं चढवलंयस माझं. काढ की रं."

"काढतो गं. दोन दिवसांचं काम हाय, सवड काढून करतो."

"उद्या माझं लगीन झालं तर? तुझा भोंगा माझ्या सासरच्या दारात येऊन विचारणार, क्रांतीबाई हायत का घरात?"

"तवाचं तवा बघू."

सगळे हसायचे. ती पण हसायची.

नागपंचमीला ती मेढ्याला गेली. सकाळी धरणातून पाणी सोडायचा निरोप आला. धोक्याच्या खुणा बदलायच्या होत्या, म्हणजे नवीन पेटी बांधून संध्याकाळच्या आत चाळीस गावांना धाडायची होती. कपिलनं ऑफिसच्या मशीनवर बिल्ड लावलं.

होम, क्रांती, सामान... सापडलं नाही.

मेढ्यात सकाळपासून लाइट नव्हती. नेट नव्हतं. फोन तेवढा लागत होता.

"क्रांती, तुझ्याशिवाय होत न्हाई बघ."

"माझ्याशिवाय न्हाई, माझ्या पत्त्याशिवाय. थांब, साताऱ्यात मैत्रिणीकडं नेट हाय. गाडीवर जाते आन तिथनं टाकते."

बनुबाईंनी चुलीवर पुरणाचे दिंड उकडायला ठेवले होते. खाऊन जा म्हणाल्या. आल्यावर खाते, म्हणाली. निघताना तिनं कपिलला मेसेज टाकला. "पोचले की करते. आणि आता तरी तो पत्ता काढ."

पाऊस होता. साताऱ्याकडं उतरताना एका वळणावर गाडी घसरली. समोरून ट्रक.

तीन वाजून दहा मिनिटं.

कपिल दहाव्याला माहुलीला गेला. संगमावर पिंड मांडले होते. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. अर्धा तास गेला. नातेवाईक एकेक करून पुढं येऊन बोलू लागले. कुणी म्हणालं, तुझ्या धाकट्या बहिणीला शिकवू. कुणी म्हणालं, तुझी कपिली गाय विकणार नाही.

कावळे बसून राहिले. ओरडेनात सुद्धा.

मग हंबीरराव वळले. ताठ माणूस, डोळ्यांत पाणी नाही.

"कपिलराव, हापिसातलं काय राह्यलंय का तिचं? तुमाला ठावं आसल तर बोला."

सगळी माणसं कपिलकडं बघू लागली. बावीस प्रतिज्ञांच्या घरातला माणूस कावळ्यापुढं उभा. पण त्या बापाच्या तोंडाकडं बघून त्याला नाही म्हणवेना. तो पुढं झाला आणि खाली मान घालून बोलला.

"क्रांती, तुझा पत्ता काढतो. सांगलीला गेल्या गेल्या काढतो."

पंखांचा आवाज झाला...

एक कावळा आला. पिंडाला चोच लावली. पण घास घेतला नाही. तसाच उडून गेला.

शिवला, शिवला, म्हणून लोक उठले, चपला शोधू लागले. हंबीरराव तेवढे जागचे हलले नाहीत. ते कपिलकडंच बघत होते.

नागपंचमीपासून पेटी अडलेलीच होती. सांगलीत आल्यावर कपिलनं पत्ता काढायला दोन दिवस मागितले तर सयाजी सर म्हणाले, "दोन दिवस? गड्या, नदी काय तुझी वाट बघत बसणाराय व्हय? आज पेटी गेली पायजे. पत्ता नंतर बघ."

आणि कपिलनं काय केलं ऐका.

त्यानं पत्ता काढला नाही. ऑफिसच्या मशीनवर क्रांती नावाचं खोटं खातं उघडलं. त्यात सामान नावाचा कप्पा केला. ड्रॉवरमध्ये एका जुन्या पेनड्राइव्हवर तिच्या सात वाक्यांची कॉपी पडली होती, ती त्यात टाकली. बिल्ड लावलं.

होम, क्रांती, सामान... सापडलं.

पाच मिनिटं लागली.

पाच.

पेनड्राइव्ह नागपंचमीला पण त्याच ड्रॉवरमध्ये होता. खोटा कप्पा तेव्हाही करता आला असता. फोन लावणं सोपं होतं, म्हणून त्यानं फोन लावला. एवढंच. हे त्याच्या ध्यानात आलं. पण म्हणून पत्ता काढला का? नाही. मेलेल्या मुलीला शब्द दिला आणि तिच्याच नावानं खोटं घर बांधलं. मी त्याला तोंडावर हे बोललोय, म्हणून इथं लिहायला मला लाज नाही.

चौथ्या दिवशी त्यानं लॉग बघितला. मशीनमध्ये कोण कधी आलं याची यादी असते.

क्रांती. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

त्या खात्याचा पासवर्ड फक्त कपिलला माहीत होता. आदल्या दिवशीही तसंच. त्याच्या आदल्या दिवशीही. रोज तीन दहा.

त्यानं कप्पा उघडला. सात वाक्यं असायला हवी होती.

आठ होती.

आठव्या फाइलचं नाव होतं... पोचले.

त्यानं हेडफोन लावला. चार सेकंदांचा आवाज. नुसता पाऊस. पत्र्यावरचा नाही, उघड्यावरचा. डांबरी रस्त्यावर पडतो तसला.

कुणीतरी चेष्टा करतंय म्हणून त्यानं फाइल उडवली.

दुसऱ्या दिवशी परत आली. आता नऊ सेकंदांची. पाऊस... आणि मागं स्कूटरचं इंजिन. उताराला लागल्यावर गाडी जशी हलकी गुरगुरते तसं.

तिसऱ्या दिवशी त्यानं मशीनची नेटची वायर काढून ठेवली आणि समोर खुर्ची टाकून बसला. तीन वाजले. पाच झाले. शेजारी सयाजी सर फोनवर कुणाला तरी झापत होते. खाली भेळवाला घंटी वाजवत गेला.

तीन दहा.

क्रांतीचं टेबल रिकामं होतं. तिथली खुर्ची हलली नाही, काही झालं नाही. फक्त मशीनचा पंखा जरा जोरात फिरला... आणि फाइल आली. पंधरा सेकंद.

पाऊस. इंजिन. आणि फोनची रिंग.

कपिलनं हेडफोन फेकून दिला.

कारण ती रिंग त्याच्याच कॉलची होती.

हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही पाच महिन्यांनी सांगितलं. त्या दिवशी तीन दहाला त्यानंच फोन लावला होता. ती गाडीवर आहे हे माहीत असून. सर मागं उभे राहून "झालं का, झालं का" करत होते म्हणून.

तिनं उचलला होता. "हां कपिल, बोल," म्हणाली.

हा म्हणाला, "कुठवर आलीस?"

मग कसला तरी आवाज आला आणि फोन बंद पडला. याला वाटलं रेंज गेली. यानं फोन खाली ठेवला आणि भडंग खाल्लं. बातमी आली तासाभरानं. त्यानं पहिलं काम काय केलं असेल? आपल्या फोनमधून तो कॉल पुसला.

आता फाइल रोज थोडी थोडी पुढं जात होती. चार सेकंद, नऊ, पंधरा. पुढं काय येणार हे जगात एकट्या कपिलला माहीत होतं. आणि बिल्ड कप्प्यातलं सगळंच उचलतं. सात असोत की आठ, ते मोजत नाही. पुढची पेटी गेली की हा आवाज चाळीस गावांच्या भोंग्यांत जाऊन बसणार. देवळाच्या कळसाशेजारून, शाळेच्या छपरावरून, नदीकाठच्या हजारो माणसांच्या डोक्यावर...

तो सरांना म्हणाला, "आज पेटी जाणार न्हाई. उद्या पण न्हाई. काढायचं तर मला काढा."

"कुणाच्या जिवावर बोलतोस रं?"

"मेलेल्या माणसाच्या," कपिल म्हणाला.

दोन दिवस तो खुर्चीतून उठला नाही. जिथं जिथं तो पत्ता ठोकला होता तिथून तिथून उपटून काढला. एक, दोन नाही. एकोणीस ठिकाणी. सामान कुठं आहे ते आता मशीनलाच विचारायचं, कुणाच्या नावावर अडायचं नाही. खोटं खातं पुसलं, कप्पा पुसला. बिल्ड लावलं. पेटी नीट बांधली गेली. भोंग्यात सात वाक्यं. सातच.

त्या दुपारी तीन दहाला काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो मेढ्याची गाडी धरून निघाला. पत्ता काढला हे सांगायला. आणि दुसरंही सांगायला.

हंबीरराव पडवीत बसले होते. बनुबाईंनी पाणी दिलं. कपिलनं तांब्या हातात धरूनच सगळं बोलून टाकलं. पत्ता, पेनड्राइव्ह, खोटं घर. आणि शेवटी फोन.

"काका, शेवटचा फोन माझाच हुता. गाडीवर आसताना मी लावला. मी सांगितलं न्हाई."

हंबीररावांनी त्याच्या हातातला तांब्या काढून खाली ठेवला.

"आमाला ठावं हाय," ते म्हणाले. "तिचा मोबाइल पोलिसांनी आमालाच दिला. त्यात तुमचं नाव हाय. तीन दहा. म्हनून तर माहुलीला तुमाला बोला म्हनलं. तुमी निम्मंच बोलला."

कपिलला वर बघवेना.

"पर एक इचारतो, कपिलराव. चूक झाली, मान्य. पर रोज रोज का लावताय?"

"काय?"

"फोन. रोज तीन दहाला तिच्या मोबाइलवर तुमचा फोन येतो. उचलला की कोन बोलत न्हाई. नुसता पाऊस. तिची आई म्हनली, आसूं दे, पोरगं रडत आसंल पलीकडं."

कपिलनं तिच्या मरणानंतर तो नंबर एकदाही लावला नव्हता.

त्याच्या तोंडाकडं बघून हंबीररावांना ते कळलं. त्यांनी घड्याळाकडं बघितलं. बनुबाई आत गेल्या आणि स्टीलच्या डब्यातून मोबाइल घेऊन आल्या. काच फुटलेली. चार्जिंग भरलेलं. कपिलनं स्वतःचा फोन खिशातून काढून बंद केला आणि सगळ्यांना दिसेल असा जमिनीवर ठेवला.

बाहेर लख्ख ऊन होतं.

तीन नऊ.

कोंबड्या अंगणातून बाजूला झाल्या...

तीन दहा.

फुटक्या काचेवर नाव आलं. कपिल सांगली ऑफिस.

जमिनीवरचा फोन बंदच होता.

"आज तुमी उचला," हंबीरराव म्हणाले.

कपिलनं उचलला. पाऊस. उताराला लागलेलं इंजिन. आणि मग, इतक्या दिवसांत त्या आईबापांनी न ऐकलेला आवाज...

"हां कपिल, बोल."

बनुबाईंनी तोंडात पदर कोंबला.

पलीकडं ती वाट बघत होती. गाडी चालूच होती. त्या दिवशी याच जागी हा बोलला होता, कुठवर आलीस.

"क्रांती," तो ओरडला, "गाडी बाजूला घे. घाई न्हाई. पत्ता काढलाय मी. खरंच काढलाय. तू थांब तिथंच."

इंजिनचा आवाज हळू झाला. खडीवर चाक घासलं. मग इंजिन बंद. फक्त इंडिकेटरची टिकटिक... आणि पाऊस.

मग तेही थांबलं. फोन कट झाला.

त्यानंतर तो फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. तुम्ही म्हणाल, सुटली बिचारी, गोष्ट संपली.

आठव्या दिवशी हंबीररावांचा कपिलला फोन आला.

"कपिलराव... तिचा मोबाइल वाजंना झालाय."

कपिलनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"न्हाई, बरं झालं म्हना. पर तिची आई तीनला आजून पडवीत येऊन बसती. डबा मांडीवर घिऊन. नुसता पाऊस तरी ऐकू यायचा वो."

पोरगी घेतली होतीच. उरलेलं तेवढंही यानं काढून घेतलं.

आता शेवटचं. हे कपिलनं फक्त मला सांगितलंय आणि कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातलीय. मी शपथ मानत नाही.

चाळीस भोंगे रोज ऑफिसच्या मशीनला हजेरी देतात. एकोणचाळीस बरोबर देतात. नदीकाठच्या एका गावातला एक भोंगा, गावाचं नाव लिहीत नाही, रोज तीन दहाला एक ओळ जास्त पाठवतो. कपिलनं तो भोंगा खाली उतरवून पुसला, नवा भरला, तो पत्ता त्यात कुठंच नाही. कुठल्याच मशीनवर तो कप्पा नाही. तरी रोज तीच ओळ येते.

होम, क्रांती, सामान... सापडलं.

म्हणून तो तीनला जिन्यात जाऊन उभा राहतो. आणि मेढ्याला कळवत नाही. परत गप्प. परत तेच.

म्हणून मी लिहिलं. हंबीररावकाका, तुम्ही नाहीतर तुमची धाकटी हे वाचत असाल, तर काकूंना एवढं सांगा. फोन वाजत नाही म्हणून ती येत नाही असं नाही.

ती येते. कुठं, ते आम्हालाही अजून सापडलेलं नाही.